सेकंडहँड लेथ घरच्या वर्कशॉपसाठी : डायल कुठे लावायचा आणि कधी परत फिरायचं?

गिरमिट
एक जुना लेथ (धातूचा जॉब फिरवून कापायचं मशीन) बघायला जायचंय. जी माहिती मिळाली ती अशी: सेंटर हाइट (बेडपासून जॉब फिरतो त्या मध्यापर्यंतची उंची) सहा इंच, बेड साडेचार फुटी, बॅकगिअर (वेग कमी करून ताकद वाढवणारे गिअर) आहे, क्विक चेंज गिअरबॉक्स नाही, चेंज गिअर हातानेच बदलायचे. लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) ४ टीपीआय, म्हणजे इंचाला चार आटे. मोटर थ्री फेज, आणि घरी सिंगल फेज. सोबत तीन जॉचा चक (जॉब पकडायचा भाग), टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) आणि काही सुटे गिअर. चार जॉ, फेसप्लेट, स्टेडी यातलं काही नाही. सगळ्या मशीनला ताजा हिरवा रंग मारलाय.

माझं काम म्हणजे बुश, पिना, स्पेसर आणि एम ६ ते एम २० आटे. ५० मिमीच्या वरचा जॉब क्वचितच. ०.०२ मिमीत माप आलं की भागतं. डायल (शतांश मिमीची हालचाल दाखवणारं घड्याळी गेज) घेऊन जातोच आहे, पण तो नेमका कुठे कुठे लावायचा आणि किती रीडिंग आलं की नमस्कार करून निघायचं? विकणारा वीज जोडून मशीन चालवून दाखवायला तयार आहे.

वंगण
ताजा रंग म्हणजे लगेच फसवणूक असं नाही, पण रंगाने तेलाची भोकं बुजली असतील तर मशीनला रंग मारल्यापासून तेल मिळालेलं नाही एवढं नक्की समजा. प्रत्येक ऑइलर बोटाने दाबून बघा. बॉल खाली जाऊन परत वर यायला हवा.

सूक्ष्ममापी
डायलच्या आधी बेड बघा. लेथ सगळ्यात जास्त घासतो तो चकपासूनच्या पहिल्या २५०-३०० मिमीत, कारण बहुतेक जॉब आखूड असतात. सॅडलचा (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा) लॉक बोल्ट चकजवळ असा आवळा की चाक जड फिरेल, पण फिरेल. मग सॅडल टेलस्टॉककडे न्या. मध्येच अडकलं तर पुढचा बेड कोरा आहे आणि चकजवळचा बसलाय.

नंतर आकड्यात मोजायचं. डायल सॅडलवर बसवा आणि त्याचं टोक टेलस्टॉक ज्या गाइडवर सरकतो त्या गाइडवर टेकवा. टेलस्टॉक चकच्या अगदी जवळ सहसा जात नाही, म्हणून ती गाइड तिथे जवळपास मूळ मापाची असते. सॅडल पूर्ण लांबीत फिरवलं की जो फरक दिसेल ती झीज. ०.०५ च्या वर गेली तर माझ्या मते सोडून द्यावा. ०.०२ मध्ये काम हवंय म्हणताय ना.

तिसरा_जबडा
सूक्ष्ममापी, पद्धत बरोबर, पण निकाल फार कडक लावलात. हिशोब करून बघा. सॅडल सरळ खाली ०.१ मिमी बसलं तर टूल सेंटरच्या ०.१ खाली जातं. ३० मिमी व्यासाच्या जॉबवर त्याने व्यासात फरक पडतो ०.००१ पेक्षाही कमी. मायक्रोमीटरला तो दिसणारही नाही.

घात होतो तो पुढची व्ही (सॅडलची पुढची गाइड) मागच्या गाइडपेक्षा जास्त घासली की. मग सॅडल नुसतं बसत नाही, कामगाराच्या बाजूला कलतं आणि टूल जॉबपासून लांब सरकतं. सेंटर हाइट १५० मिमी आणि दोन गाइडमधलं अंतर २०० मिमी धरलं, तर पुढची बाजू ०.०५ खाली गेल्यावर टूल साधारण ०.०३७ बाहेर येतं, म्हणजे व्यासात ०.०७५ ची वाढ. झीज किती यापेक्षा ती कोणत्या गाइडवर आहे हे बघायला हवं. आणि तीही हळूहळू वाढत गेलेली असेल तर २०-२५ मिमी लांबीच्या बुशला टेपर जाणवत नाही.

सूक्ष्ममापी
हिशोब मान्य. म्हणून तर डायल पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंनी लावून बघायचा, एकाच रीडिंगवर ठरवायचं नाही. तरी २०० मिमी लांब शाफ्ट करायचा झाला तर एमरी पेपर घेऊन उभं राहावं लागेल हे धागाकर्त्यांनी लक्षात ठेवावं.

लोखंडी_चणे
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दोघांनी थांबू नये.

टर्नरआबा
बेडचं पुराण चालू द्या, पण गिरमिट, तुम्ही हेडस्टॉकपासून, म्हणजे चक फिरवणारा स्पिंडल ज्यात बसतो त्या भागापासून, सुरुवात करा. घासलेल्या बेडवर सांभाळून काम होतं. स्पिंडल खराब असेल तर मात्र फिनिश, गोलाई, पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं), सगळंच बिघडतं.

पहिलं म्हणजे चकवर डायल लावू नका. तीन जॉच्या चकचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०५ ते ०.१ निघतो आणि त्यावरून स्पिंडलबद्दल काहीच कळत नाही. चक काढायला लावा. स्पिंडलच्या आतला टेपर फडक्याने स्वच्छ पुसा, बोट फिरवून बर (उठलेली धार) आहे का बघा, मग टेपरच्या आत डायल टेकवून स्पिंडल हाताने फिरवा. ०.०१ किंवा कमी आलं की छान. दुसरं रीडिंग नोजच्या खांद्यावर, म्हणजे जिथे चकची बॅकप्लेट टेकते त्या फेसवर.

मग खेळ. चक परत चढवून त्यात ३० मिमीचा जाड बार पकडा, ३०० मिमी बाहेर ठेवा. डायल नोजच्या वर, बाजूला नाही. बार हाताने वर उचला आणि सोडा. ०.०१-०.०२ हलणं चालतं. ०.०५ किंवा जास्त हललं तर लगेच बाद करू नका, आधी बेअरिंग कुठल्या जातीचं आहे विचारा. टेपर रोलर असेल तर मागच्या लॉकनटने खेळ काढता येतो. ब्राँझ बुश आणि वर कॅप असेल तर कॅपखालचे शिम (पातळ पत्रे) कमी करून काढता येतो. खेळ काढल्यावर हाताने फिरवताना एका जागी जड आणि एका जागी हलकं लागलं तर जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा स्पिंडलचा भाग) अंडाकार झालंय. तिथे मात्र थांबा.

शेवटी सर्वात जास्त वेगावर २०-३० मिनिटं चालू ठेवायला सांगा. हेडस्टॉकवर हात ठेवून बघा. कोमट होणं ठीक, हात ठेवता येत नाही इतकं गरम झालं तर ठीक नाही. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक बेअरिंगच्या जागी. सलग घरघर चालते, ठराविक फेऱ्यांनी येणारी खटखट चालत नाही. खटखट बहुतेक वेळा बुलगिअरच्या (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरच्या) तुटलेल्या दाताची असते. अडकलेला चक सोडवायला लोक बॅकगिअर गुंतवून स्पिंडल लॉक करतात आणि पान्यावर हातोडा हाणतात, दात तिथेच जातात. त्यामुळे हेडस्टॉकचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात एकेक दात बघा. वेल्डिंग करून घडवलेला दात रंगावरून ओळखू येतो.

नवशिक्या_नं_१
आबा, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. एक बाळबोध शंका: एवढ्या भानगडी करण्यापेक्षा नवा मिनी लेथ का घेऊ नये? तो सिंगल फेजवर चालतो, वेग कमीजास्त करता येतो, टेबलावर मावतो.

तिसरा_जबडा
घ्यावा की, काम लहान असेल तर. १०-२० मिमीच्या पितळी पिना, अॅल्युमिनियमचे स्पेसर यांना मिनी उत्तम. पण ५० मिमीच्या माइल्ड स्टीलच्या बारवर पार्टिंग करायला घेतलं की मशीनच वाकतं. कडकपणा वजनातून येतो आणि मिनीत वजनच नसतं. त्याचे प्लास्टिकचे गिअर मात्र उगाच बदनाम आहेत. काही अडकलं की तो दात तुटतो आणि बाकीचं मशीन वाचतं, फ्यूजसारखं.

चिमटा
सेंटर हाइट आणि स्विंग यांचा घोळ कुणी काढला नाही अजून. काही जाहिरातींत सेंटर हाइट देतात, काहींत बेडवर फिरणारा पूर्ण व्यास. सहा इंच सेंटर म्हणजे बारा इंच स्विंग, आणि क्रॉस स्लाइडवरून (टूल आतबाहेर सरकवणाऱ्या भागावरून) फिरणारा व्यास त्याहून बराच कमी. बेडची फुटी लांबी म्हणजे दोन सेंटरमधलं अंतर नव्हे, त्यातून हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची जागा वजा होते. जाल तेव्हा टेप लावा. स्पिंडलचं आरपार भोक किती हेही मोजा. लांब बार मागून घालायचा झाला की तेच माप आडवं येतं.

खडखडाट
मोटरबद्दल. सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवायची तर व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजचं थ्री फेज करून वेगही बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. पण आधी मोटरची प्लेट वाचा. २३०/४०० डेल्टा/स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) लिहिलं असेल तर सोन्याहून पिवळं. जोडणी डेल्टात करा, २३० व्होल्टचा व्हीएफडी लावा, पूर्ण ताकद मिळेल.

प्लेटवर फक्त ४०० किंवा ४१५ डेल्टा असेल तर त्या व्हीएफडीवर मोटर फिरेल, पण ५० हर्ट्झला टॉर्क एक तृतीयांशापेक्षाही कमी उरेल, कारण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. साधारण २८ हर्ट्झपर्यंतच तो पूर्ण मिळतो. लहान मोटरी बऱ्याचदा आतून स्टारमध्ये जोडलेल्या असतात आणि बाहेर तीनच वायरी येतात. रिवाइंडिंगवाला वाइंडिंगमधली ती स्टारची गाठ सोडवून सहा टोकं बाहेर काढून देतो, मग डेल्टा करता येतो. त्यासाठी वार्निश जळकं नसावं.

अजून एक: व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना ड्रम स्विच (हाताने सुलट-बंद-उलट करायचा) ठेवायचा नाही. चालू मोटर तिथून तोडली की व्हीएफडीचा आउटपुट जाऊ शकतो. तोच स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा.

वंगण
व्हीएफडी आला की लोक पट्टा आणि बॅकगिअर विसरतात. १० हर्ट्झवर मोटर फिरवून मोठा कट घेऊ नये. मोटरचा पंखाही तेवढाच हळू फिरतो, मोटर तापते. शिवाय वेग कमी करून टॉर्क वाढत नाही, तो बॅकगिअरनेच वाढतो. साध्या सिंगल फेज मोटरचं काय?

खडखडाट
चालते, पण दोन अडचणी. तिचा टॉर्क सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, बारीक फिनिशवर त्याची नक्षी दिसू शकते. आणि फिरत असताना उलट स्विच मारला तर ती आहे त्याच दिशेला फिरत राहते. आधी पूर्ण थांबवावी लागते. आटे पाडताना हे फार त्रासाचं होतं.

आटेपाट_नगर
आट्यांचा विषय निघालाच आहे तर गिरमिट यांच्या मूळ धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कुणी उचललीच नाही: "काही सुटे गिअर". क्विक चेंज गिअरबॉक्स नसलेल्या लेथवर सुटे गिअर म्हणजेच गिअरबॉक्स. ते नसतील तर हे मशीन फक्त टर्निंग-फेसिंगचं.

लीड स्क्रू ४ टीपीआय, म्हणजे पिच ६.३५ मिमी. तुम्हाला हवेत मेट्रिक आटे. त्यासाठी १२७ दातांचा गिअर लागतो, कारण १२७ म्हणजे २५.४ ची बरोबर पाचपट. स्पिंडलपासून स्टडपर्यंत (सुट्या गिअरांतला पहिला गिअर बसतो त्या दांड्यापर्यंत) १:१ असेल आणि लीड स्क्रूवर १२७ असेल, तर ४ टीपीआयला हिशोब अगदी सोपा होतो: पिच गुणिले २० इतके दात चालवणाऱ्या गिअरला. एम ६ चा पिच १, म्हणून २०. एम ८ ला २५, एम १० ला ३०, एम १२ ला ३५, एम १६ ला ४०, एम २० ला ५०. मध्ये आयडलर (नुसता जोडणारा गिअर) कितीही दातांचा चालतो, प्रमाण बदलत नाही.

चिमटा
६३ दातांवरही भागवतात ना?

आटेपाट_नगर
भागवतात. ३०/१२७ ऐवजी ३०/६३ गुणिले ४०/८०. १.५ च्या जागी पिच १.५१२ येतो, सुमारे ०.८ टक्के जास्त. एम १० नटच्या ८ मिमी उंचीत तो फरक ०.०६ च्या आसपास, नट बसतो. ५० मिमी खोल टॅप केलेल्या भोकात तोच बोल्ट अडकतो, कारण तिथे फरक ०.४ झालेला असतो.

लोखंडी_चणे
लेथ घेतल्यावर त्याच्यावर करायचा पहिला जॉब कोणता? त्याच लेथचा हरवलेला भाग. यालाच स्वयंपूर्णता म्हणतात.

तिसरा_जबडा
विनोद सोडला तर खरंच आहे. म्हणूनच क्रॉस स्लाइडच्या बॅकलॅशला (चाक उलट फिरवताना वाया जाणाऱ्या हालचालीला) घाबरू नका. ०.२-०.३ सहज असतो आणि गनमेटलचा नट त्याच लेथवर करता येतो. बॅकलॅश मध्ये एक आणि टोकाला दुसरा निघाला तर मात्र स्क्रूच घासलाय, नट बदलून भागणार नाही.

टर्नरआबा
एक चाचणी राहिली आणि ती ताज्या रंगाच्या मशीनला हमखास करावी. बेड नुकताच ग्राइंड केलेला चकचकीत दिसला तर विचारा की सॅडलखाली पॅकिंग घातलंय का. बेड अर्धा मिमी खाली घेतला की सॅडल आणि एप्रनही (सॅडलच्या पुढे लटकणारी पेटी) तेवढेच खाली येतात, लीड स्क्रूचे ब्रॅकेट मात्र जागेवरच राहतात. ओळखायची खूण: सॅडल एका टोकाच्या ब्रॅकेटजवळ न्या, लीड स्क्रूकडे बघत हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा दुभागी नट) लावा. स्क्रू खाली दबताना डोळ्याला दिसला तर पॅकिंग नाही. अशा मशीनवर हाफ नट लवकर खराब होतो आणि आट्यांचा पिचही नीट येत नाही.

रंगाखाली तडे असतील तर रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर रेघ उमटते. बेडचे पाय, हेडस्टॉकच्या बोल्टजवळचा भाग आणि कंपाउंडचा (क्रॉस स्लाइडवरच्या छोट्या स्लाइडचा) टी-स्लॉट एवढ्या जागी केलं तरी पुरे. रंग जाड असेल तर तिथला थोडा खरवडू द्या म्हणावं. नाही म्हणाला तर तेही उत्तरच.

पहार
मशीन पसंत पडलं तर पुढचा प्रश्न ते आणायचा. लेथ वर जड आणि हेडस्टॉककडे जड असतो, कलला की थांबत नाही. मोटर आणि चक आधी उतरवा. टेलस्टॉक आणि सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन लॉक करा, म्हणजे तोल मध्ये येतो. पट्टा बेडखालून घ्या. तो लीड स्क्रूला टेकत असेल तर मध्ये लाकडी ठोकळे. लीड स्क्रू किंवा स्पिंडलला पट्टा बांधून उचलणारे महाभाग असतात, त्यांना लांब ठेवा. जमिनीवर नेताना खाली दोन आडवे जाड वासे बोल्टने पक्के करा आणि पाइपाच्या रोलरवर ढकला. मशीनखाली हात घालायचा नाही, ठोकळा सरकवायचा तर दुसऱ्या लाकडाने.

सूक्ष्ममापी
आणि घरी आणल्यावर लेव्हल. साधी गवंडी लेव्हल उपयोगाची नाही, ०.०२ मिमी प्रति मीटरवाली हवी. ती नसेल तर दोन कॉलरची चाचणी: ३० मिमी बार चकमध्ये, टेलस्टॉकचा आधार न देता १५० मिमी बाहेर. दोन टोकांना १० मिमी रुंद कॉलर ठेवून मधला भाग खाली घ्या. मग दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगला ०.१ चा हलका कट आणि मायक्रोमीटर. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉकच्या टोकाचा पुढचा पाय शिम घालून जरा वर घ्या. लहान आली तर मागचा.

गिरमिट
मंडळी, दंडवत. मोजमाप घेऊन आलो. स्पिंडल टेपरमध्ये ०.०१. बार उचलल्यावर ०.०४. बेअरिंग ब्राँझ बुशचं, कॅपखाली शिम दिसतात. बेडची झीज चकजवळ पुढच्या बाजूला ०.०६, मागे ०.०४. बुलगिअरचे सगळे दात शाबूत. हाफ नट लावताना स्क्रू हलत नाही. अर्धा तास चालवल्यावर हेडस्टॉक कोमट. मोटरच्या प्लेटवर ४१५, वायरी तीन. सुटे गिअर: २०, ३०, ४०, ५०, ६०, ८०. १२७ नाही, ६३ नाही. ४० दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास ६३ मिमी.

तिसरा_जबडा
पुढे-मागे फरक ०.०२ च, म्हणजे वरच्याच हिशोबाने व्यासात ०.०३ आणि तेही संपूर्ण घासलेल्या पट्ट्यात मिळून. तुमच्या लांबीच्या बुशला काही होत नाही. घ्या.

सूक्ष्ममापी
घ्या. लांब शाफ्टबद्दलचं म्हणणं मागे घेत नाही.

टर्नरआबा
ब्राँझ बुशला ०.०४ वाईट नाही, तेलाच्या थरासाठी थोडी जागा हवीच. दोन्ही बाजूंनी सारखा, सगळ्यात पातळ एकेक शिम काढून बघा, ०.०२-०.०३ वर आलं की थांबा. आणि व्हीएफडी लावल्यावर मशीनच्या प्लेटवरच्या कमाल वेगापुढे जाऊ नका, बुश चिकटेल.

खडखडाट
तीन वायरी आणि ४१५, म्हणजे बहुधा आतून स्टार. रिवाइंडिंगवाल्याकडून खात्री करून सहा टोकं काढून घ्या.

आटेपाट_नगर
व्यास भागिले (दात अधिक दोन): ६३ भागिले ४२, म्हणजे मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) १.५. त्या मोड्यूलचा १२७ दातांचा गिअर बाहेरून १९३.५ मिमीचा होतो. लीड स्क्रूच्या मध्यापासून कव्हरपर्यंत आणि जमिनीच्या बाजूला ९७ मिमी मोकळी जागा आहे का ते मोजा. असेल तर १२७, २५ आणि ३५ असे तीनच गिअर कापून घ्यावे लागतील, बाकी सगळे तुमच्याकडे आहेत. आधी लीड स्क्रूच्या टोकाचा व्यास आणि कीवेचं माप घ्या, गिअर कापणारा तेच विचारेल.

इंच लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट मध्येच उघडायचा नाही. टूल मागे घ्यायचं, मोटर उलट फिरवून सॅडल परत आणायचं.

चिमटा
आणि चक आट्यांनी बसणारा असेल तर उलट फिरवताना तोच सुटून यायचा. व्हीएफडीत थांबण्याचा आणि सुरू होण्याचा वेळ ३-४ सेकंद ठेवा, ब्रेकिंग बंद.